‘पुशे’ लिहिलेलं दार

लिस्बनमधल्या कुठल्याही बेकरीच्या काचेच्या दारावर, मुठीजवळ, चार रोमन अक्षरांचा एक शब्द चिकटवलेला असतो. उच्चार ‘पुशे’, त्यातला शेवटचा ‘ए’ जवळजवळ गिळलेला. इंग्रजी येणारा माणूस दार ढकलतो. दार हलत नाही. तो आणखी जोर लावतो. गल्ल्यावरच्या माणसाला हे रोजचंच असतं, तो हातानेच ओढल्याची खूण करतो. ‘पुशे’ म्हणजे ओढा. ढकलायचं असेल तिथे ‘एंपुर्रे’ लिहितात.

पोर्तुगाल मराठी माणसाला असाच गोडीगुलाबीने फसवतो. तो अनोळखी वाटतच नाही. चावी, पाव, बटाटा, कोबी, अननस, काजू, तंबाखू, फीत, पिंप, घमेलं, लिलाव, पाद्री हे सगळे शब्द आपल्याकडे तिकडूनच आले. मूळचे गोव्याचे आणि लिस्बनमध्ये संस्कृत शिकवणारे पाद्री-पंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांत मुरलेले असे पोर्तुगीज शब्द गोळा करून १९१३ साली छापलेसुद्धा. त्यामुळे मंडईत ‘बताता’ आणि ‘अननाश’ ऐकून जीव हरखतो आणि सावधपणा सुटतो. मग ‘पेरा’ मागितल्यावर हातात नासपती पडतं, कारण पेरूला तिथे ‘गोयाबा’ म्हणतात. ‘पगार’ म्हणजे पैसे देणं. तो शब्द तुमच्या खिशातून बाहेर जाणाऱ्या पैशांसाठी आहे, आत येणाऱ्या नाही. सगळ्यात महागात पडणारी जोडी न्याहारीच्या टपरीवर भेटते. ‘बिफाना’ हा शब्द बीफसारखा वाटतो, पण तो डुकराच्या मांसाचा पाव. ‘प्रेगु’चा खरा अर्थ खिळा, पण पाटीवर लिहिलेला असतो तेव्हा तो गोमांसाचा पाव. जे खात नाहीत त्यांनी हे दोन शब्द विमानात बसण्याआधी पाठ करावेत.

वारांची गंमत तर वेगळीच. आपल्या सोमवार-मंगळवारात ग्रह बसलेले आहेत. युरोपातल्या बऱ्याच भाषांतही ते बसले आहेत. पोर्तुगीजांनी मात्र ते उठवून लावले. देवादिकांची नावं वारांना नकोत, हा सहाव्या शतकातल्या ब्रागाच्या बिशप मार्टिनचा आग्रह होता म्हणतात. तेव्हापासून सोमवार म्हणजे ‘सेगुंदा’ (दुसरा), मंगळवार ‘तेर्सा’ (तिसरा), असं शुक्रवारपर्यंत सहावं. शनिवार-रविवारला मात्र नावं आहेत. मोजणी रविवारपासून होते, म्हणून सोमवार दुसरा. संग्रहालयाच्या दारावर ‘२ ला बंद’ अशा अर्थाची पाटी असेल तर ती तारीख नाही आणि मंगळवारही नाही. तो सोमवार आहे. लिस्बनमधली बहुतेक सरकारी संग्रहालयं आणि जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतात. गुलबेंकियान संग्रहालय मंगळवारी बंद. कार्मो चर्चचे भग्नावशेष रविवारी. सहलीचा तक्ता आखताना आधी हे वार मांडावेत, मग हॉटेलं.

किती दिवस, हा पहिला प्रश्न. स्पेनला जोडून जे पॅकेज विकलं जातं त्यात लिस्बनला दोन रात्री देतात. त्यातली एक प्रवासाच्या थकव्यात जाते आणि उरलेल्या दिवशी बस तुम्हाला बेलें नावाच्या उपनगरात उतरवून, फोटो काढून, परत आणते. हे लिस्बन पाहणं नव्हे. निव्वळ पोर्तुगालसाठी नऊ रात्री असाव्यात. पाच लिस्बनला, तीन पोर्तोला आणि एक अधेमधे, एव्होरा किंवा कुईंब्राला. शेंगेन व्हिसा सहा महिने आधीपासून मागता येतो, मुक्कामाच्या पंधरा दिवस आधी अर्ज पोचायलाच हवा, प्रौढाला शुल्क ९० युरो आणि प्रवास-विमा किमान ३०,००० युरोचा. दोन देश असतील तर ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज. जुलै-ऑगस्ट टाळावा. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जूनमध्ये रात्री नऊलाही उजेड असतो, आणि १२ जूनच्या रात्री आल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळाबोळांत संत आंतोनियोच्या सणाच्या सार्डिन भाजल्या जातात. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची जवळची नातलग. तिला चरबी चढते ती उन्हाळ्यातच. फेब्रुवारीत कोणी ‘ताजी’ सार्डिन वाढली तर ती बहुधा गोठवलेली असते.

लिस्बन समजून घ्यायला एक तारीख पुरते. १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या सुमाराची वेळ, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला. लोक पडणाऱ्या भिंतींपासून दूर म्हणून नदीकाठी धावले, आणि काही वेळाने तेजू नदीतून समुद्राची लाट आत आली. त्या मेणबत्त्यांनी लावलेली आग पुढे कित्येक दिवस जळत होती. शहर नव्याने बांधलं ते मार्केस द पोंबाल या मंत्र्याने. त्याने सखल भागात, बाइशात, काटकोनात रस्ते आखले आणि एकेक रस्ता एकेका धंद्याला दिला. सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. पुण्यातली तांबट आळी डोळ्यांसमोर आणली की रस्त्यांची नावं लगेच कळतात. या घरांच्या भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा आहे, उभे-आडवे-तिरके वासे एकमेकांत गुंतवलेले, म्हणजे धक्का बसला तर दगड-चुना गळून पडेल पण सांगाडा झुलून उभा राहील. त्याचा नमुना बांधून भोवती सैनिकांना पाय आपटत फिरवलं आणि तो टिकतो का पाहिलं, असं सांगतात. वर टेकडीवर कार्मोचं चर्च मात्र मुद्दाम तसंच ठेवलंय. कमानी उभ्या, छप्पर नाही, मध्ये गवत. बाइशाचे सरळ रस्ते आणि कार्मोचं उघडं आभाळ एकाच सकाळी पाहावं, ते एकाच घटनेचे दोन तुकडे आहेत.

आता टेकड्या. शहर सात टेकड्यांवर वसलंय असं म्हणतात. गुडघे मोजतात तेव्हा त्या जास्त भरतात. पायवाटा ‘काल्सादा’च्या, म्हणजे मुठीएवढे चुनखडीचे पांढरे-काळे चौकोनी तुकडे हाताने ठोकून बसवलेल्या. दिसायला रांगोळी. पावसाची एक सर आली की ओल्या साबणाची वडी. गुळगुळीत तळव्याचे बूट, नव्या कातडी चपला, उंच टाचा घरी ठेवाव्यात. रबरी खाचांचा तळवा हवा. चाकांची मोठी बॅग या दगडांवरून ओढणं हा वेगळाच व्यायाम. तिची चाकं आणि शेजाऱ्यांची झोप दोन्ही जातात. म्हणून पहिल्या मुक्कामाचं घर आल्फामात घेण्याचा मोह आवरावा. तिथे दारापर्यंत गाडी जात नाही, आणि जुन्या इमारतींना लिफ्ट नसते. बुकिंग करताना मजला विचारा. तळमजल्याला ‘र/शांव’ असं काहीतरी लिहितात, आणि ‘पहिला’ म्हणजे आपल्यासारखाच एक जिना चढून.

बरोबर आईवडील असतील तर नियम एकच. चढताना वाहन, उतरताना पाय. बाइशातून किल्ल्याकडे जायला रुआ दुश फांकेरुश रस्त्यावर एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती वर सोडते तिथून चार पावलांवर दुसरी लिफ्ट, सुपरमार्केटच्या इमारतीतली, तीही फुकट. दोन्ही मिळून किल्ल्याचा निम्म्याहून जास्त चढ वाचतो. तसंच बाइशा-शियादु मेट्रो स्थानकाचे लांबलचक सरकते जिने तिकीट न काढताही वापरता येतात. खालच्या बाइशातून आत शिरायचं आणि वरच्या शियादुत बाहेर पडायचं. सांता जुस्ता हा १९०२ सालचा लोखंडी उद्वाहक पाहण्यासारखा आहे, पण त्यासाठी तासभर रांगेत उभं राहणं पटत नाही. कार्मोच्या मागून त्याच्या वरच्या पुलावर चालत जाता येतं. ग्लोरिया ही १८८५ पासूनची दोरावरची ट्राम ३ सप्टेंबर २०२५ रोजी केबल निसटून घसरली आणि १६ माणसं गेली. त्यानंतर शहरातल्या तशा बाकीच्या गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. जुन्या प्रवासपुस्तकांतली त्यांची रसभरित वर्णनं वाचून बेत आखू नयेत.

२८ नंबरच्या ट्रामशिवाय लिस्बन पूर्ण होत नाही, असं सगळे सांगतात, आणि सगळेच मार्तिं मोनीज थांब्यावर सकाळी दहाला रांग लावतात. डबा १९३० च्या दशकातला, बसायला वीसच जागा. त्यात माणसं खच्चून उभी असताना खिडकीतून दिसतात ते समोरच्याच्या पाठपिशवीचे बंद. शिवाय हीच खिसेकापूंची आवडती जागा. ट्राम वळणावर हिंदकळते, सगळे एकमेकांवर आदळतात, आणि तेवढ्यात हात फिरतो. पैशांचं पाकीट पुढच्या खिशात, पाठपिशवी पोटावर. खरी युक्ती म्हणजे उलट टोकाला, कांपु द ओरीकच्या स्मशानाजवळच्या थांब्यावर जाऊन सकाळी आठच्या आत चढायचं. उजेड कोवळा असतो, खिडकीची जागा मिळते, आणि ट्राम आल्फामात शिरताना घरांच्या भिंती इतक्या जवळ येतात की गॅलरीतल्या कुंड्यांची माती ओली आहे की सुकी तेही दिसतं. तेवढा वेळ नसेल तर १२ नंबरची छोटी फेरी पुष्कळ झाली.

तिकिटांचं एक वाक्यात सांगता येत नाही, म्हणून नीट सांगतो. मेट्रो स्थानकातल्या यंत्रातून ‘नावेगान्त’ नावाचं कागदी कार्ड मिळतं, कोऱ्या कार्डाचे अर्धा युरो. माणशी एक कार्ड. दोघांत एक चालत नाही. त्यात पैसे भरून फेरीगणिक कापून घेण्याच्या पद्धतीला ‘झॅपिंग’ म्हणतात, आणि ती मेट्रो, ट्राम, बस, पलीकडच्या काठाची फेरीबोट, सिंत्रा आणि कश्काइशची लोकल या सगळ्यांना चालते. चूक होते ती इथे. झॅपिंगचे पैसे शिल्लक असताना त्याच कार्डावर चोवीस तासांचा पास भरायला गेलात की यंत्र नकार देतं, आणि मागे रांग वाढत जाते. पास हवा असेल तर दुसरं कार्ड घ्या, अर्ध्या युरोचा तर प्रश्न. ट्राममध्ये चालकाकडून तिकीट घेतलं तर जवळपास दुप्पट पडतं. विमानतळावरून लाल मेट्रो पकडून आलामेदाला हिरवी घेतली की बाइशा अर्ध्या तासात येतं. रोख पैसे काढायचे तर बँकेच्या ‘मुल्तिबांकु’ यंत्रातून काढावेत. पर्यटकांच्या गर्दीत भिंतीला टांगलेली खासगी यंत्रं ‘रुपयांत दाखवू का?’ असं प्रेमाने विचारतात. नाही म्हणायचं. त्या प्रेमाचा दर फार वाईट असतो.

बेलेंला जाण्याआधी शक्य असेल तर वसईचा किल्ला पाहून ठेवावा. तिथल्या बालेकिल्ल्याच्या दारावर कोरलेला कड्याकड्यांचा गोल आणि रुंद टोकांचा क्रूस बेलेंमध्ये भिंतीभिंतीवर भेटतो. गोल म्हणजे राजा मानुएलचं चिन्ह, क्रूस ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या धार्मिक संघाचा. जेरोनिमुश मठ १५०१ साली बांधायला घेतला, पैसा आला तो आपल्याकडच्या मिऱ्याच्या व्यापारातून. खांबांवर दगडाचे दोरखंड, गाठी, पोवळी, जहाजाची अवजारं. मठाच्या चर्चमध्ये शिरल्याबरोबर वास्को द गामाची समाधी आहे, समोर कवी कामोंइश. गामा मेला कोचीनला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. त्याचं इथे येणं बरंच उशिराचं. चर्च फुकट, आतलं दुमजली प्रांगण तिकिटाचं, आणि बाहेरच्या दोन रांगांत लोक चुकीच्या रांगेत तासभर उभे राहतात. विचारून उभं राहावं.

नदीतल्या बेलेंच्या बुरुजात आत जाऊन विशेष काही नाही. अरुंद जिना, रिकाम्या खोल्या. पाहण्याची गोष्ट बाहेर आहे आणि तिच्याकडे पाठ करून माणसं सेल्फी काढतात. पश्चिमेच्या अंगाला, कोपऱ्यातल्या छोट्या बुरुजीच्या बुडाशी, दगडाचं एक झिजलेलं डोकं बाहेर आलंय. तो गेंडा आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला, अल्बुकर्कने गोव्याहून जहाजात चढवला, आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला तेव्हा हा बुरुज बांधून होत होता. रोमन काळानंतर युरोपाने गेंडा पाहिलाच नव्हता. त्याचं नाव पोर्तुगीज कागदांत ‘गांदा’ असं आहे. म्हणजे आपला गेंडाच. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळाला. पुढे तो पोपला नजराणा म्हणून निघाला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजाबरोबर बुडाला. जर्मन चित्रकार ड्युररने त्याला कधी पाहिलं नाही, पत्रातल्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याने अंगावर चिलखत असलेला गेंडा कोरला, आणि पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोप त्यालाच खरा गेंडा समजत राहिला. बुरुजावरच्या डोक्याचं शिंग आता गेलंय. ऊन तिरपं असताना, दुपारी चारनंतर, सावलीमुळे कान आणि जबडा ओळखू येतात. भर दुपारी तो नुसता दगड दिसतो.

तिथून दहा मिनिटांवर १८३७ पासूनचं पेस्ट्रीचं दुकान. ‘पाश्तेल द नाता’ म्हणजे पापुद्र्यांच्या वाटीत अंड्याच्या पिवळ्या बलकाची साय. मठांत कपड्यांना खळ द्यायला पांढरा बलक वापरत, पिवळा उरे, त्यातून अशा मिठाया निघाल्या असं सांगतात. भट्टी इतकी कडक लागते की वरची साय काळ्या ठिपक्यांनी करपते आणि आतली डळमळीत राहते. घरच्या ओव्हनमध्ये हे जमत नाही ते त्यामुळेच. बाहेरची रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत शंभरावर टेबलं आहेत, सरळ आत शिरून बसावं. वर दालचिनी भुरभुरावी, गरम असतानाच खावी. डबा भरून हॉटेलवर नेलेली नाता संध्याकाळी चामट होते.

बेलेंवरून पुढे कश्काइशला जाणारी लोकल काइश दु सोद्रेहून सुटते. डावीकडची खिडकी धरावी, चाळीस मिनिटं नदी आणि मग समुद्र सोबत येतो. सगळे तेवढंच पाहतात. वाटेत काशियश नावाचं स्थानक लागतं, जलद गाड्या तिथे थांबतही नाहीत. त्याच्या मागच्या टेकडीवरच्या किल्ल्यात हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने राजकैदी ठेवले होते. त्यांतले एक सांगलीचे मनोहर आपटे, ज्यांना महाराष्ट्र आणि गोवा मोहन रानडे म्हणून ओळखतो. १९५५ साली गोव्यातल्या बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना पोर्तुगालला हलवलं. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत. त्यांच्या सुटकेसाठी आपल्याकडे धडपडणाऱ्यांत सुधीर फडके आघाडीवर होते. तो किल्ला आजही तुरुंगच आहे, पाहायला मिळत नाही. पण त्या काळाची दोन संग्रहालयं पाहता येतात. लिस्बनच्या मुख्य चर्चजवळचं आल्जुब, आणि उत्तरेला समुद्रावरचा पेनिशचा किल्ला, जिथे गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव द ब्रागांसा कुन्या कैदेत होते. आल्जुबमधल्या कोठड्या हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढ्या अरुंद. गोव्याहून येणाऱ्या माणसाने बेलेंचा मठ पाहावा आणि आल्जुब टाळावं, हे काही बरं नाही.

सिंत्रासाठी रोसियु स्थानकातून लोकल, चाळीस मिनिटं. सोमवारी जाऊ नये. लिस्बनची संग्रहालयं बंद म्हणून सगळं शहर त्या दिवशी सिंत्राला लोटतं. पेना महालाच्या तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती महालाच्या दाराची, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून दारापर्यंत चढाचा रस्ता आणि वर रांग मिळून अर्धा तास जातो. साडेदहाचं तिकीट असेल तर दहाला फाटकात हवं, आणि स्टेशनवरची ४३४ नंबरची बस त्याआधी मिळायला साडेआठच्या सुमाराची गाडी. उशीर झाला तर आत घेत नाहीत, पैसेही जातात. खाली लिस्बनमध्ये ऊन असताना वर धुकं असतं, अंगात घालायला काहीतरी असू द्यावं. पेनाचे लाल-पिवळे रंग फोटोंत छान येतात, पण खाली गावातल्या जुन्या राजवाड्यात गर्दी कमी आणि मजा जास्त. त्याच्या स्वयंपाकघराची दोन शंकूसारखी धुराडी ३३ मीटर उंच आहेत, आत उभं राहून वर पाहिलं की ढग दिसतो. याच सिंत्रात पोर्तुगीज भारताचा विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, जुआंव द काश्त्रु याची हवेली होती, आणि तिथे त्याने सोमनाथहून उचलून आणलेला गुजरातचा राजा सारंगदेव याच्या काळातला संस्कृत शिलालेख शतकानुशतकं बागेत उभा होता.

जेवणाच्या टेबलावर बसलं की न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज येतं. पाहुणचार समजून खाऊ नये. त्याला ‘कुवेर’ म्हणतात आणि त्याचे पैसे लागतात. नको असेल तर बोट न लावता ‘नांव, ओब्रिगादु’ म्हणायचं, बाईने ‘ओब्रिगादा’. न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे घेता येत नाहीत, असा तिथला कायदाच आहे. दुपारी ‘प्रातु दु दिया’, म्हणजे आजचं ताट, स्वस्त आणि ताजं. ‘मेया दोज’ म्हणजे अर्धी थाळी, आणि ती एकाला भरपूर होते.

सुकं-खारं बाकाल्यांव हा त्यांचा जीव की प्राण. तो कॉड मासा त्यांच्या पाण्यात मिळत नाही, नॉर्वेहून येतो, फळीसारखा कडक. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवल्याशिवाय त्याचं काही होत नाही. ज्यांच्या घरी सुके बोंबील शिजतात त्यांना दुकानात शिरल्याबरोबर तो वास ओळखू येईल. पहिल्यांदा खायचा तर ‘आ ब्राश’ पद्धतीचा मागवावा. माशाचा चुरा, कांदा, सळ्यांसारखे तळलेले बटाटे, वर अंडं. शाकाहाऱ्यांचं मात्र कठीण आहे, पण उपाशी राहण्याइतकं नाही. भाजीचं सूप सगळीकडे मिळतं, फक्त ‘तें कार्न?’ म्हणून विचारायचं, कारण काल्दु व्हेर्द या बटाटा-पालेभाजीच्या सुपात सॉसेजची चकती तरंगत असते. ‘पेशिन्युश दा ओर्ता’ म्हणजे ‘मळ्यातले छोटे मासे’, नावाला घाबरू नये, ती फरसबीची भजी आहेत. उलट ‘आबाद द प्रिश्कुश’ हे पुडिंग निरागस दिसतं आणि त्यात डुकराची चरबी असते. चहाला ‘शा’ म्हणतात. दुधाची कॉफी हवी तर ‘गलांव’, उंच ग्लासात येते. नुसतं ‘काफे’ म्हणालात तर दोन घोटांचं काळं कडू. आणि काउंटरवरच्या काचेत तिकोनी दिसेल ती ‘शामुसा’, गोव्याहून आलेला समोसा. आत बहुधा मांस असतं.

पोर्तोबद्दल थोडक्यात. आल्फा पेंदुलार गाडी ओरियेंत स्थानकातून पकडावी, तीन तासांच्या आत पोचते. महिना-दोन महिने आधी काढलं तर तिकीट बरंच स्वस्त, आणि ६५ वर्षांवरच्या कोणालाही, परदेशी असला तरी, पासपोर्ट दाखवून निम्मं. गाडी कांपान्यांला थांबते. तिथून साव बेंतुला लोकल, पाच मिनिटं, तेच तिकीट चालतं. साव बेंतुच्या दालनात जोर्ज कुलासुने रंगवलेल्या सुमारे वीस हजार निळ्या फरश्या आहेत. पायाखाली प्रवासी धावत असतात, वर लढाया. १८८६ च्या लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून चालत पलीकडे जावं आणि खालच्याने परत. पलीकडच्या काठावर पोर्ट वाइनची गोदामं. द्राक्षरस आंबत असतानाच मध्येच द्राक्षाची तीव्र दारू ओतून यीस्ट मारतात, त्यामुळे साखर उरते आणि वाइन गोड राहते. दोरू खोऱ्यात पिन्यांवपर्यंत रेल्वेने गेलात तर उजवीकडे बसा, नदी त्या बाजूला आहे.

समुद्राबद्दल एकच. तो अटलांटिक आहे, गोव्याचा समुद्र नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर ऐन उन्हाळ्यातही पाणी सतरा-अठरा अंशांवर अडतं, आणि ओढ जोराची. लाल बावटा असेल तर गुडघाभरही शिरू नये. नाझारेच्या राक्षसी लाटा ऑक्टोबर ते मार्चमध्येच. किनाऱ्याला येऊन भिडलेल्या पाण्याखालच्या दरीमुळे त्या उठतात. जुलैत जाऊन ‘लाटा कुठेत?’ म्हणून विचारणाऱ्यांना तिथले लोक आता उत्तरही देत नाहीत.

शेवटची खरेदी. लिस्बनच्या कांपु द सांता क्लारा मैदानात ‘तेर्सा’ आणि शनिवारी, म्हणजे मंगळवारी आणि शनिवारी, जुना बाजार भरतो. नाव ‘फेइरा दा लाद्रा’, शब्दशः चोरटीचा बाजार. मुंबईचा चोरबाजार पाहिलेल्याला रीत शिकवायला नको. पितळी कड्या, जुन्या चाव्या, पोस्टकार्डं, कधी गोव्याचा शिक्का असलेली नाणीसुद्धा. निळ्या जुन्या फरश्या साधारण चौदा सेंटीमीटर चौरस, मागे चुन्याचा थर चिकटलेला. तो चुना ताजा फोडलेला, पांढराशुभ्र असेल तर ती फरशी कोणाच्या तरी घराच्या भिंतीवरून नुकतीच उतरली आहे. अशा चोऱ्या इतक्या वाढल्या की फरश्यांचे दर्शनी भाग पाडण्यावर २०१७ साली कायद्याने बंदी आली. बिल मागा. बिल नाही म्हणाला तर फरशी खाली ठेवा आणि शेजारच्या ढिगातलं एखादं जुनं कुलूप उचला. त्याच्याबरोबर ‘शाव्ह’ आहे ना, तेवढं विचारून घ्या. शाव्ह म्हणजे चावी. हा शब्द फसवत नाही.